करडांच्या उवा महिनाभरात पुन्हा का दिसतात?

तुम्ही गुहागर तालुक्यातून लिहिले आहे. सहा शेळ्या, दोन ते तीन महिन्यांची नऊ करडे, घरामागच्या पडवीला लागून चिऱ्याचा गोठा. नागपंचमीच्या सुमारास करडांना डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाच्या पाण्याने पुसून काढले, उवा दिसेनाशा झाल्या, आणि गणपतीला आलेल्या पाहुण्यांच्या मुलांनी करडे उचलून घेतली तेव्हा त्यांच्या मानेवर पुन्हा वळवळ दिसली. नऊपैकी एक करडू गेल्या आठवड्यात दगावले, आणखी दोन मलूल आहेत. याहून जोरदार औषध किंवा इंजेक्शन कोणते, आणि या उवा घरातल्या मुलांना लागतील का, असे तुम्ही विचारले आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या शेळ्या पाळतो. दोन्हीकडच्या अनुभवावरून मला असे वाटते की तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. उवा परत आल्या ही एक, आणि करडे फिकी पडून मरू लागली ही दुसरी. पहिलीचे उत्तर सोपे आहे, कारण तुमच्याच हकिगतीत ते दडलेले आहे. दुसरीचे उत्तर बहुधा उवांमध्ये नाही, आणि ती अधिक तातडीची असल्यामुळे आधी तिच्याविषयी लिहितो.

मलूल करडाची खालची पापणी अंगठ्याने हळूच ओढून आतला रंग दिवसाच्या उजेडात पाहावा. निरोगी करडाच्या पापणीचा आतला भाग लालसर गुलाबी असतो. तो फिक्कट गुलाबी दिसला तर काळजी सुरू करावी, आणि कागदासारखा पांढरा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त शोषणाऱ्या उवा अंगावर फार झाल्या तर करडू फिके पडू शकते, हे खरे आहे; परंतु पावसाळ्याच्या उत्तरार्धात कोकणात फिके पडलेले करडू माझ्यासमोर आले की माझा पहिला संशय पोटातल्या जंतांवर, विशेषतः हिमोंकस या तारेसारख्या बारीक जंतावर जातो. हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात, म्हणजे पोटाच्या चौथ्या कप्प्यात, राहून रक्त पितो, आणि एक पूर्ण वाढलेला जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त संपवतो असे धरले जाते. सहा किलोच्या करडाच्या अंगात एकूण रक्त साधारण ४०० मिलिलिटर असते. पोटात पाचशे जंत असतील तर रोज २५ मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे दोन आठवड्यांत त्या करडाची काय अवस्था होईल याचा हिशेब तुम्हीच करू शकाल. जबड्याखाली पाणी साचल्यासारखी मऊ सूज आली असेल, तर संशय आणखी पक्का होतो.

दुसरा संशय रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडियाचा. ओल्या, दाटीच्या गोठ्यात तीन आठवड्यांपासून पाच महिन्यांपर्यंतच्या करडांना तो गाठतो. शेपटीखालचे केस चिकटलेले आहेत का, लेंड्यांऐवजी पातळ घाण पडते आहे का, हे पाहावे. दोन्ही संशयांचा निकाल एका साध्या तपासणीत लागतो: मलूल करडांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून सकाळीच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्याव्यात. करडू उभे राहत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी दूरध्वनी करावा. दुर्दैवाने आणखी एखादे दगावलेच तर ते लगेच पुरू नये. शवविच्छेदन करून घ्यावे. चौथे पोट उघडल्यावर लाल-पांढऱ्या पिळाचे, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे जंत डोळ्यांनी दिसतात, आणि एका करडाच्या त्या दर्शनाने उरलेली सात वाचतात. हे मी इतक्या आग्रहाने सांगतो आहे, कारण उवा दिसतात आणि जंत दिसत नाहीत, त्यामुळे सगळा दोष दिसणाऱ्याच्या माथी जातो. अशक्त करडावर उवा झपाट्याने वाढतात, आणि मग उवांमुळे करडू अशक्त झाले असे वाटू लागते.

आता उवांकडे वळू. नागपंचमीला वापरलेले औषध कमकुवत नव्हते. त्याने जिवंत उवा मारल्या, म्हणूनच त्या दिसेनाशा झाल्या. परंतु केसांना चिकटवलेल्या लिखा या औषधाला दाद देत नाहीत. लिखेतून पिल्लू बाहेर पडायला आठ-दहा दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत, क्वचित त्याहून थोडा अधिक काळ लागतो, आणि त्या पिल्लाची वाढ पूर्ण होऊन ते स्वतः लिखा घालू लागायला पुढे आणखी दोन ते तीन आठवडे जातात. या दोन मुदतींच्या मध्ये एक फट असते. बहुतेक सगळ्या लिखा फुटलेल्या आहेत, पण नव्या उवांनी अजून अंडी घातलेली नाहीत, अशी ती वेळ. त्या वेळी दुसऱ्यांदा औषध लावले तर साखळी तुटते. नागपंचमीपासून मोजले तर ही वेळ श्रावणातल्या संकष्टीपासून गोकुळाष्टमीपर्यंत, म्हणजे चौदा ते अठरा दिवसांनी येते. तुम्ही ती दुसरी फेरी केली नाही, आणि गणपतीपर्यंत, म्हणजे बरोबर महिनाभरात, उवांची पुढची पिढी तयार झाली.

दुसरी उणीव अशी की तुम्ही फक्त करडांना औषध लावले. उवेचे सगळे आयुष्य शेळीच्याच अंगावर जाते. करडाला ती आईकडून मिळते, बहुधा जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच. मोठ्या शेळीच्या अंगावर शंभर-दीडशे उवा असल्या तरी ती फारशी खाजवत नाही, म्हणून आपल्याला ती स्वच्छ वाटते. करडे तिला बिलगून झोपली की रातोरात देवाणघेवाण होते. त्यामुळे कळपातले प्रत्येक जनावर, खाजवणारे आणि न खाजवणारे, एकाच दिवशी घ्यावे लागते. एक शेळी रानातून उशिरा आली म्हणून राहून गेली तर बाकी तेरांवर केलेले कष्ट वाया जातात. मी औषध लावून झालेल्या जनावराच्या गळ्यात सुंभाचा तुकडा बांधतो आणि शेवटी सुंभ नसलेले जनावर शोधतो. हे पोरकटपणाचे वाटेल, पण नऊ करडे एकाच रंगाची असली आणि ती सतत उड्या मारत असली की कोणते झाले आणि कोणते राहिले हे पाचव्या मिनिटाला कळेनासे होते.

औषध ठरवण्यापूर्वी उवा कोणत्या जातीच्या आहेत हे पाहणे आवश्यक आहे, आणि त्याला दहा मिनिटे पुरतात. सकाळी उन्हाची तिरीप असेल तेथे बसून करडू मांडीवर घ्यावे आणि खांद्यामागे, पाठीच्या कण्यालगत, मानेवर आणि मांडीच्या आतल्या बाजूला केसांचा भांग पाडत जावे. भांग पाडताच उजेडापासून दूर सरसर पळणारी, पिवळसर-तपकिरी, रुंद डोक्याची, दीड-दोन मिलिमीटरची ऊ दिसली तर ती चावणारी ऊ होय. ती त्वचेवरचा कोंडा आणि केस खाते. निळसर-करड्या रंगाची, निमुळत्या डोक्याची ऊ त्वचेत तोंड खुपसून जागीच बसलेली दिसली तर ती रक्त शोषणारी. शंका राहिली तर अंगठ्याच्या नखावर चिरडून पाहावी. पोट भरलेल्या शोषणाऱ्या उवेचा गडद लाल ठिपका उमटतो. लीख आणि कोंडा यांतही गल्लत होते. कोंडा फुंकरीने उडतो, लीख केसाला घट्ट चिकटलेली असते आणि दोन नखांत धरून ओढावी लागते.

केसांतून टुणकन उडी मारून जाणारे काही दिसले तर त्या पिसवा आहेत. पिसवांची अंडी आणि अळ्या गोठ्याच्या जमिनीत असतात, म्हणून तेथे जनावरापेक्षा जमिनीचा उपचार महत्त्वाचा ठरतो. कानांवर, तोंडाभोवती कातडी जाड होऊन खपल्या धरल्या असतील, तर ती खरूज असते आणि तिचे औषधोपचार निराळे. या तिन्हींना सरसकट ‘किडे झाले’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि औषधे वाया जाण्याचे निम्मे कारण तेच.

तुम्ही विचारलेले इंजेक्शन बहुधा आयव्हरमेक्टिनचे असावे. ते रक्तातून पोहोचत असल्यामुळे रक्त शोषणाऱ्या उवांवर चांगले चालते, पण कोंडा खाणाऱ्या उवेपर्यंत ते पुरेसे जात नाही. म्हणून नखावर लाल ठिपका उमटला नाही, तर इंजेक्शनवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. शिवाय मात्रेचा प्रश्न आहे. बाजारात मिळणारे एक टक्क्याचे औषध ५० किलो वजनाला एक मिलिलिटर या प्रमाणात देतात. म्हणजे पाच किलोच्या करडाला ०.१ मिलिलिटर. पाच मिलिलिटरच्या सिरिंजवर एवढे मोजताच येत नाही, आणि ‘थोडेसेच दिले’ म्हणताना प्रत्यक्षात चार-पाच पट जाते. त्यामुळे हे इंजेक्शन पशुवैद्यकाने वजन पाहूनच द्यावे. दुधाच्या शेळीला ते द्यायचे असेल, तर दूध किती दिवस वापरायचे नाही हे त्यांना आधी विचारावे. बोकड दिवाळीत किंवा शिमग्यात कापायचा असेल तर मटणाच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे पाठीवर आणि मानेवर पळापळ, सगळीकडे थोडे-थोडे केस विरळ होणे, यावरून मला चावणाऱ्या उवा वाटतात, आणि त्यांना अंगावर लावायचे औषधच योग्य. डेल्टामेथ्रिनच पुन्हा चालेल. मात्र येथे आपल्या आंबा-काजूच्या मुलखातली एक खास चूक सांगितली पाहिजे. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी आणलेले डेल्टामेथ्रिन घरात उरलेले असते आणि नाव तेच म्हणून ते शेळ्यांना लावले जाते. आंब्यावर फवारायचे औषध २.८ टक्क्यांचे असते, जनावरांसाठीचे १.२५ टक्क्यांचे; म्हणजे त्याच मापाने घेतले तर दुपटीहून अधिक तीव्र द्रावण होते, आणि त्यातली विरघळवणारी द्रव्ये जनावराच्या कातडीचा विचार करून घातलेली नसतात. बागेचा पंप तर मुळीच वापरू नये, कारण त्यात पूर्वीच्या कोणत्या विषाचे शेष राहिले आहेत हे मालकालाही आठवत नाही. जुन्या माणसांच्या तोंडी अजून गॅमेक्सिनच्या भुकटीचे नाव असते. त्या औषधाच्या वापरावर देशात २०१३ पासून बंदी आहे, तेव्हा फडताळात एखादा जुना डबा असेल तर तो उघडू नये.

जनावरांचे औषध आणल्यावर बाटलीवरचे प्रमाण वाचावे आणि ते झाकणाने न मोजता सिरिंजने मोजावे. पाणी स्वच्छ विहिरीचे घ्यावे. पऱ्ह्याचे लाल गढूळ पाणी घेतले तर औषध मातीच्या कणांना चिकटून बसते आणि उवेपर्यंत पोहोचत नाही. द्रावण त्याच दिवशी करावे, त्याच दिवशी संपवावे.

करडांना बादलीत बुडवू नये. मी नोकरीत नवा असताना एका जुलैत, ढगाळ दिवशी, ‘लवकर आटपेल’ म्हणून स्वतःच्या घरची करडे बुडवून काढली. उवा मेल्या, पण पाचपैकी दोन करडे सर्दीने फुप्फुसे धरून गेली. त्यानंतर मी पाऊस उघडलेला दिवस मिळेपर्यंत थांबतो. सकाळी दहानंतर, वारा नसताना, हातमोजे घालून, फडके द्रावणात बुडवून चांगले पिळावे आणि केसांच्या उलट दिशेने, शेपटीकडून मानेकडे, कातडीपर्यंत ओल पोहोचेल असे चोळावे. कानामागची जागा, काखा आणि मांडीची आतली बाजू सुटू देऊ नये. डोळे, नाकपुड्या आणि तोंड मात्र वगळावे. मोठ्या शेळ्यांची कास आणि सड कोरडे ठेवावेत, आणि तरीही दूध पाजण्यापूर्वी सड धुवून घ्यावेत. केस पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन तास, करडे आईपासून वेगळी ठेवावीत, कारण ओले करडू दिसले की आई पहिले काम चाटण्याचे करते.

एखाद्या करडाच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंगाला कापरे भरले किंवा तोल जाऊ लागला, तर लगेच साबणाच्या कोमट पाण्याने अंग धुवून कोरडे करावे आणि पशुवैद्यकांना बोलवावे. आपल्या हातांना मुंग्या आल्या तर मोजा फाटला असे समजावे. उरलेले पाणी पऱ्ह्यात, विहिरीजवळ किंवा खाडीच्या उतारावर कदापि ओतू नये. मासे, कोळंबी आणि खेकडे यांना हे औषध अत्यल्प प्रमाणातही मारक आहे. लांब, कोरड्या जागी खड्डा करून त्यात ते जिरवावे. मांजरालाही त्या जागेपासून दूर ठेवावे.

आठवडाभर उघडीपच मिळाली नाही तर काय, हा कोकणात नेहमीचा प्रश्न आहे. अशा वेळी पशुवैद्यकांकडून जनावरांसाठीची भुकटी किंवा पाठीवर ओघळ सोडायचे औषध घ्यावे, म्हणजे अंग भिजवावे लागत नाही. लहान करडांना ते चालते का हे मात्र औषधागणिक बदलते, त्यामुळे करडाचे वय आणि वजन सांगूनच ते मागावे.

एक महिन्याच्या आतल्या करडांना मी रासायनिक औषध लावत नाही. तुमच्याकडे सध्या अशी नसली तरी पुढे पुन्हा वेत होतील, म्हणून सांगून ठेवतो. त्यांच्यासाठी माणसांच्या उवांची बारीक दातांची फणी उत्तम. मानेवर आणि पाठीवर खोबरेल तेलाचे बोट फिरवून फणी करावी. तेलाने उवा सुस्तावतात, फणीत अडकतात, आणि फणी गरम पाण्यात झटकता येते. रोज पाच मिनिटे, आठ-दहा दिवस. मोठ्या कळपाला हे जमणार नाही, पण चार करडांना सहज जमते, आणि शाळेतून आलेली मुले हे काम आनंदाने करतात.

घरगुती उपायांबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी कुणीतरी सुचवीलच. सीताफळाच्या बियांची भुकटी उवा मारते, पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते, आणि एकमेकांच्या अंगाला तोंड घासणाऱ्या करडांच्या बाबतीत ती डोळ्यांत जाणार हे गृहीतच धरावे. तंबाखूच्या काढ्यातले निकोटिन कातडीतून आत शिरते आणि लहान करडू त्याने मरू शकते. रॉकेल आणि जळके ऑइल यांनी कातडी भाजते. चुलीतल्या कोरड्या, चाळलेल्या राखेने अपाय होत नाही, थोडा उतारही पडतो, पण तिच्यावर विसंबून दुसरी फेरी टाळू नये.

गोठ्यात फवारणी करावी का? गोचीड किंवा पिसवा असतील तर करावीच. उवांसाठी मात्र तिला मी फार महत्त्व देत नाही, कारण शेळीचे अंग सुटल्यावर ऊ फार तर आठवडाभर तग धरते. दोन्ही फेऱ्यांच्या दिवशी खालचा पेंढा आणि पाचोळा काढून जाळावा, करडांची झोपायची पोती उन्हात टाकावीत, एवढे पुरे. गोठ्यातली दाटी आणि ओल मात्र कमी केली पाहिजे. चिऱ्याची जमीन पावसाळाभर घाम सोडत राहते. तिच्यावर पोफळीच्या पट्ट्यांचा, बोटभर फटी ठेवलेला, गुडघाभर उंचीचा माच केला तर लेंड्या खाली पडतात आणि करडांचे पोट कोरडे राहते. उन्हाळ्यात तीच शेळी उघड्यावर, उन्हात फिरते आणि तिच्या उवा आपोआप उतरतात, आणि श्रावणात कोंडली की वाढतात. हा फरक दरवर्षी दिसतो.

घरातल्या मुलांविषयी निश्चिंत राहावे. शेळीची ऊ माणसावर जगत नाही, माणसाची शेळीवर जगत नाही. कोंबड्यांच्या उवाही वेगळ्या. करडू कुशीत घेतल्यावर हातावर एखादी फिरताना दिसेल, ती झटकावी. खरूज असेल तर मात्र माणसालाही काही दिवस खाज सुटू शकते, म्हणून खपल्या धरलेले करडू मुलांच्या हाती देऊ नये.

थोडक्यात क्रम असा ठेवावा: उद्याच मलूल करडांच्या पापण्या आणि लेंड्यांची तपासणी, त्यांची तब्येत सावरेपर्यंत त्यांना फक्त फणी, बाकी सगळ्यांना पहिल्या उघडिपीला पहिली फेरी, आणि त्याच वेळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चौदाव्या दिवसावर खूण. सावरलेल्या करडांना पुढच्या फेरीत धरावे, आणि त्यांच्यासाठी चौदा दिवसांची मोजणी तेथून सुरू करावी. तोवर ती कळपाबाहेर, वेगळ्या खोपीत. दुसऱ्या फेरीनंतर आठवड्याने भांग पाडून पाहावे. तुरळक दिसल्या तर आणखी दोन आठवड्यांनी तिसरी फेरी. औषध लावल्यावर तिसऱ्या दिवशीही भरपूर उवा जिवंत फिरत असतील, तरच औषधाचा गट बदलण्याचा विचार पशुवैद्यकांशी बोलून करावा.

एक गोष्ट राहिली. तुमच्याकडे बोकड नसावा, असे सहा शेळ्यांच्या आकड्यावरून वाटते. वाडीत एकच बोकड असतो, सगळ्यांच्या शेळ्या त्याच्याकडे जातात, आणि त्याच्या मानेवरच्या दाट केसांत साऱ्या वाडीच्या उवा मुक्कामाला असतात. पुढच्या वेळी शेळी दाखवायला नेण्याआधी त्याच्या मालकाशी बोलावे, आणि तो टाळाटाळ करत असेल तर औषध स्वतःच नेऊन बोकडाला लावून यावे. मी असेच करतो. दोन फेऱ्यांचे औषध चाळीस-पन्नास रुपयांत होते, आणि मालक चहा पाजतो.